जुन्या सायकलींची जागा डोंगरावर

अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंगचा सण. आपल्याकडे दिवाळी संपून फराळाचे डबे रिकामे झालेले असतात तेव्हा तिकडे घरोघरी ओव्हनमध्ये टर्की चढलेली असते आणि दूरदूरची मुलं-नातवंडं घरी पोचलेली असतात. त्या सकाळी कॅलिफोर्नियात गोल्डन गेट पुलाच्या उत्तरेला, मरीन काउंटीतल्या फेअरफॅक्स नावाच्या छोट्या गावात सायकलवाले जमू लागतात. त्यासाठी नावनोंदणी लागत नाही, फी नसते, छातीवर नंबर नसतो, अध्यक्षीय भाषण नसतं. या फेरीचं नाव ‘ॲपेटाइट सेमिनार’. दुपारच्या भरपेट जेवणाआधी डोंगर चढून भूक कमवायची, हा तिचा जाहीर हेतू. १९७० च्या दशकाच्या मध्यात काही मित्रांनी ही फेरी सुरू केली आणि ती आजही निघते.

फेरीत नव्या कार्बनच्या सायकली पुष्कळ असतात. पुढे-मागे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, हँडल भरपूर रुंद. पण या गर्दीत नजर ठरते ती वेगळ्याच सायकलींवर. पोलादी नळ्यांची फ्रेम, ताठ चिमटा, हँडलवर अंगठ्याने ढकलायचे गिअरचे खटके, कडा पिवळट पडलेले टायर. काही सायकली तर त्याहूनही जुन्या दिसतात. त्यांची फ्रेम दुसऱ्या महायुद्धाआधीची असते, वजन वीस किलोच्या घरात आणि मागच्या चाकाचा ब्रेक उलटं पॅडल मारल्यावर लागणारा. या सायकली घेऊन आलेल्यांपैकी बरेच जण साठी-सत्तरी ओलांडलेले असतात, पण सगळे नाही. विशीतली मुलंही कुठून तरी मिळवलेली, आपल्या जन्माआधीची सायकल घासूनपुसून घेऊन येतात.

माउंटन बाइकचा इतिहास समजून घ्यायचा तर संग्रहालयापेक्षा अशा फेरीत तो जास्त स्पष्ट दिसतो, असं माझं मत आहे. हा लेख त्या मताच्या समर्थनासाठीच आहे.

वाट अशी. फेअरफॅक्समधून डांबरी रस्त्याने बोलिनासच्या दिशेला चढायचं. डाव्या हाताला टॅमलपायस डोंगराच्या रांगा. ॲझेलिया टेकडीपाशी डांबर सोडून पाइन माउंटनच्या कच्च्या रस्त्याला लागायचं. हे कच्चे रस्ते म्हणजे वणवा लागला तर अग्निशमनाच्या गाड्या वर नेता याव्यात म्हणून डोंगरभर काढून ठेवलेल्या वाटा. ते मूळचे सायकलींसाठी नव्हते, पण माउंटन बाइकचा सगळा जन्म त्यांच्यावर झाला. पुढे सॅन जेरोनिमोची धार लागते. तिथली जमीन सर्पेंटाइन खडकाची, झाडांना पोषण जेमतेम पुरवणारी. त्यामुळे सार्जंट सायप्रसची झाडं तिथे खुरटीच राहतात. पुरुषभर उंचीच्या या जंगलातून धारेवरून जाताना दोन्हीकडे दऱ्या उघड्या दिसतात. आणि मग धारेवरून कॅस्केड कॅन्यनकडे उतरणारी एक वाट फुटते. तिचं नाव रीपॅक.

तीन किलोमीटरहून थोड्या जास्त अंतरात ही वाट सुमारे १३०० फूट खाली येते. वळणं आंधळी, मध्ये पावसाने कापलेल्या चऱ्या, कडेला सुटे दगड. १९७० च्या दशकात इथून खाली यायचं साधन म्हणजे श्विन कंपनीच्या १९३०-४० च्या दशकांतल्या सायकली. शिकागोच्या या कंपनीने १९३३ साली लहान मुलांसाठी फुग्यासारख्या जाड टायरांची दणकट सायकल बाजारात आणली होती. पेपर टाकणारी पोरं तीच वापरत. चाळीस वर्षांनी तिची ‘एक्सेल्सियर’ जातीची फ्रेम मरीनच्या तरुणांना भंगारात, परसात, जुन्या सायकल दुकानांच्या मागे सापडू लागली. पाच-दहा डॉलरला मिळायची. मडगार्ड, पेट्रोलच्या टाकीसारखी शोभेची पेटी, कॅरिअर असं सगळं काढून टाकायचं आणि उरलेला सांगाडा डोंगरावर न्यायचा. या सायकलींना ते ‘क्लंकर’ म्हणत.

क्लंकरचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे. उलटं पॅडल मारलं की आतले भाग हबच्या कवचावर आवळले जात आणि ते घर्षण ग्रीसमध्ये होई. गावातल्या रस्त्यावर याने काही बिघडत नाही. पण १३०० फूट सलग उतारावर ब्रेक दाबून धरला की हब तापतं, ग्रीस पातळ होतं, मग जळतं, आणि खाली पोचेपर्यंत मागच्या चाकातून धूर निघू लागतो. पुन्हा वर जाण्याआधी हब खोलायचं, छर्रे पुसायचे, नवं ग्रीस भरायचं. नव्याने ग्रीस भरण्याच्या या कामावरूनच उताराला ते नाव पडलं.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी इथे पहिली शर्यत झाली. कारण साधं होतं: आपल्यात सगळ्यांत वेगवान कोण, यावरचा वाद बोलून मिटत नव्हता. स्पर्धक दहाच्या आत होते. ॲलन बाँड्स जिंकला, कारण न पडता खाली पोचलेला तो एकटाच. त्यानंतर शर्यती होत राहिल्या, सगळ्या मिळून चोवीस. चार्ली केली या संयोजकाने घड्याळं जुळवली, एकेकाला ठरावीक अंतराने सोडलं, वेळा वहीत टिपल्या. गॅरी फिशरचा ४ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम आणि त्याच्यामागे दोनच सेकंदांनी जो ब्रीझ. जो ब्रीझने त्या चोवीसपैकी दहा शर्यती जिंकल्या. हे सगळं आपल्याला आज नेमकं माहीत आहे याचं श्रेय केलीच्या वहीला आणि वेंडी क्रॅग या बाईच्या कॅमेऱ्याला. क्रॅग स्वतः त्याच वजनदार सायकलीवर त्याच उताराने येत असे, आणि त्या काळाची जी छायाचित्रं आज जगभर छापली जातात त्यांतली बहुतेक तिने काढलेली आहेत.

ही माणसं कोण होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे. फिशर, केली, ब्रीझ हे डांबरी रस्त्यावरच्या शर्यतींतले सायकलपटू. हलक्या, बारीक चाकांच्या सायकली त्यांना हाताच्या रेषांसारख्या पाठ. फिशरला १९६८ साली लांब केसांमुळे शर्यतींतून वगळण्यात आलं होतं. केली एका रॉक बँडचं सामान वाहून नेणारा, मंच उभा करणारा माणूस. रस्त्यावरच्या सायकलिंगचे नियम, वेळापत्रकं, जर्सी, हिशेब या सगळ्यापासून सुटका म्हणून ते डोंगरावर जात. एकत्र जात. पहिली गोष्ट फेरी होती, शर्यत नंतर आली.

आणि मला महत्त्वाचं वाटतं ते इथेच आहे. माउंटन बाइकचा एकच एक शोधकर्ता नाही. १८९७ साली अमेरिकी सैन्याच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतले कृष्णवर्णीय सैनिक मोंटानातल्या मिसूलाहून सेंट लुइसपर्यंत सुमारे १९०० मैल सायकलींवर गेले, बहुतेक वाट कच्चीच होती. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात पॅरिसजवळच्या काही तरुणांनी आपल्या सायकली बदलून चिखल-दगडांतून पळवल्या. १९५३ मध्ये जॉन फिनली स्कॉट या कॅलिफोर्नियातल्या माणसाने जाड टायर, सरळ हँडल आणि गिअर एकाच सायकलीवर आणले. १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये कच्च्या वाटा धुंडाळणाऱ्यांचा ‘रफ स्टफ फेलोशिप’ हा क्लब निघाला. मरीनमध्येच १ डिसेंबर १९७४ रोजी मिल व्हॅलीत एक सायक्लोक्रॉस शर्यत झाली. तिला कूपरटिनोहून ‘मॉरो डर्ट क्लब’ची पोरं जाड टायरच्या सायकलींना गिअर बसवून आली होती. त्यांना पाहणाऱ्यांत ब्रीझ होता. थोड्याच काळात मरीनच्या क्लंकरनाही गिअर बसले, दोघांनी चालवायच्या टँडेम सायकलीचे ड्रम ब्रेक आणि मोटरसायकलचे लिव्हर लागले.

म्हणजे ही कल्पना अनेकांना अनेकदा सुचली आणि बहुतेक वेळा विझून गेली. मरीनमध्ये ती टिकली, कारण तिथे माणसं एकत्र जात होती. एकाने बसवलेला सुटा भाग दुसरा पुढच्या रविवारी पाहत होता, तिसरा तो मोडून दाखवत होता. मित्रांचा गट हीच त्यांची प्रयोगशाळा. म्हणून या सायकलीचं स्मारक करायचं तर पुतळा चुकीचा ठरेल. सगळ्यांनी मिळून काढलेली फेरी हेच तिचं योग्य स्मारक आहे.

जुन्या फ्रेम मोडू लागल्या तशी नव्या फ्रेमची गरज पडली. जो ब्रीझ स्वतः फ्रेम बांधणारा कारागीर. केलीच्या आग्रहावरून १९७७ मध्ये त्याने डोंगरासाठीच आखलेली क्रोमोली पोलादाची पहिली ‘ब्रीझर’ पुरी केली. अशा एकूण दहा त्याने बांधल्या. त्यांतली पहिली आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये टॉम रिचीने बांधलेल्या फ्रेम घेऊन फिशर आणि केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाचा धंदा सुरू केला. पुढे तेच नाव सगळ्या जगाने उचललं. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवलेली ‘स्टंपजंपर’ ७५० डॉलरला आणली आणि कारागिरांच्या हातातून ही सायकल कारखान्यांत गेली. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, १९९६ मध्ये अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. वीस वर्षांत भंगारातून ऑलिंपिक.

कोलोरॅडोचा उल्लेख आला तर क्रेस्टेड ब्यूटची गोष्ट सांगायलाच हवी, कारण दरवर्षीची जुनी फेरी म्हटलं की मरीनइतकाच मान तिचा. हे खाणींचं जुनं गाव जवळजवळ ९००० फुटांवर आहे. १९७६ च्या उन्हाळ्यात ॲस्पेनहून काही मोटरसायकलवाले पर्ल पास ओलांडून आले आणि गावातल्या ग्रबस्टेक बारसमोर गाड्या लावून ऐटीत बसले. गावच्या पोरांनी ठरवलं की आपण हाच घाट आपल्या भंगार सायकलींवरून ओलांडून ॲस्पेनला जायचं. सप्टेंबरात पंधराजण निघाले. पर्ल पास सुमारे १२,७०० फुटांवर आहे. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंची. अंतर ३८ मैल, वाटेत एक मुक्काम. पुष्कळसं अंतर सायकल ढकलतच गेलं. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाची मंडळी, म्हणजे ब्रीझ, केली, फिशर, वेंडी क्रॅग आणि त्यांचा एक मित्र, आपल्या सुधारलेल्या सायकली घेऊन तिथे पोचली. त्या वर्षीच्या चमूत क्रॅग ही एकटी बाई. दोन गावांत हजार मैलांहून जास्त अंतर. एकमेकांपासून अलग वाढलेली दोन वेडं त्या घाटात भेटली. पर्ल पासची फेरी पुढे सप्टेंबरचा नेम झाली आणि माउंटन बाइकच्या जगातल्या सर्वांत जुन्या उपक्रमांपैकी एक मानली जाते.

आता सायकलींकडे वळतो, कारण फेरीत माणसं थांबली की गप्पा त्यांच्याच असतात. जुनं कशाला म्हणायचं यावर एकमत नाही. काहींच्या मते कारखान्याआधीच्या, हातांनी बांधलेल्या सायकलीच खऱ्या जुन्या. पण मोठा गट १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या सायकलींना जीव लावून आहे. १९८९-९० च्या सुमारास रॉकशॉक्सचा सस्पेन्शन चिमटा आला. अनेकांची सीमारेषा तिथेच येते, त्याआधीचा ताठ चिमटा तो जुना काळ.

या काळातला प्रत्येक सुटा भाग म्हणजे कुणीतरी डोंगरावर खाल्लेल्या ठेचेचं उत्तर आहे. १९८२ मध्ये शिमानोने खास डोंगरी सायकलींसाठी ‘देओरे एक्सटी’ हा संच आणला. त्यावर हरणाचं डोकं कोरलेलं असे, आणि तो संच चालू स्थितीत असेल तर मालकाभोवती फेरीत घोळका जमतो. १९८४ मध्ये ब्रीझ आणि त्याचा साथीदार जॉश अँजेल यांनी ‘हाइट-राइट’ नावाची साधी स्प्रिंग आणली. ती सीटच्या दांड्याला बसवायची. उतार आला की चालत्या सायकलीवरच खटका सैल करून सीट खाली दाबायची, सपाटी आली की स्प्रिंग तिला पुन्हा वर ढकलते. आजच्या महागड्या सायकलींवर बटणाने खाली-वर होणारी सीट असते, तिचं मूळ या तारेच्या गुंडाळीत आहे. सगळीच उत्तरं बरोबर आली असं नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मागचा ब्रेक चेनजवळच्या खालच्या नळीवर बसवायची टूम निघाली. तिथे नेमका चिखल साचायचा. दोन-तीन हंगामांत कंपन्यांनी ती सोडली. पण अशी सायकल अजून चालवणारा माणूस भेटला की ती चूक हाताने चाचपता येते. ‘अमुक रचना अयशस्वी ठरली’ असं पाटीवर वाचणं आणि चिखलाने घासणारं चाक स्वतः फिरवून पाहणं यांत फार अंतर आहे.

फेअरफॅक्सच्याच चार्ली कनिंगहॅमची ॲल्युमिनियमची सायकल हा एक वेगळा अध्याय. सगळे पोलाद जोडत असताना १९७० च्या दशकाच्या शेवटी त्याने ॲल्युमिनियमच्या जाड व्यासाच्या नळ्या वापरून हलकी फ्रेम केली. अशाच एका सायकलीवर जॅकी फेलन हिने १९८३, १९८४ आणि १९८५ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १९८७ मध्ये तिने स्त्रियांसाठी माउंटन बाइकचा गट काढला, कारण पुरुषांच्या गर्दीत नव्या बायका पहिल्या उतारावरच हिरमुसून परत जातात हे ती पाहत होती. या खेळाच्या इतिहासात पुरुषांची नावं पटापट घेतली जातात. क्रॅग आणि फेलन यांची नावं तितक्याच मोठ्याने घ्यायला हवीत.

जुनी सायकल डोंगरावर न्यायची म्हणजे जपणुकीचं काम आलं, आणि फेरीचं खरं मोल मला तिथे दिसतं. पन्नास वर्षांत चाकाचं माप बदललं. श्विनच्या पोरांच्या सायकलीवरून आलेलं २६ इंची चाक तीस वर्षं निर्विवाद होतं. मग २९ इंची आलं, त्यानंतर साडेसत्तावीस. आज चांगल्या प्रतीचा २६ इंची टायर शोधायला वेळ लागतो. जुना टायर दिसायला धड असला तरी रबर कडक होऊन पकड गेलेली असते, कडा तडकलेल्या असतात. ब्रेकचे रबर दगडासारखे होतात. हँडलचा दांडा चिमट्याच्या नळीत गंजून घट्ट बसतो आणि निघता निघत नाही. सात स्पीडची फ्रीव्हील, जुन्या मापाचे कप-कोन, बारीक धाग्याचे नट कुठे मिळतात, कोण ते घडवून देतो, ही माहिती पुस्तकांत नसते. ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि ती जाण्याची जागा म्हणजे चढ संपल्यावर सगळे मागच्यांची वाट पाहत थांबतात ती. कुणाची चेन तुटली की पाचजण खिशातून पाने काढतात.

चालवण्याची विद्याही तशीच. नव्या सायकलीचं हँडल ७८-८० सेंटिमीटर रुंद, जुन्या सायकलीचं पुष्कळदा साठच्याही आत. नव्या सायकलीचा चिमटा बराच पुढे कललेला असतो, तर १९८० च्या उत्तरार्धातल्या सायकलीचा जवळजवळ उभा. त्यामुळे जुनी सायकल उतारावर जराशा चुकीने पुढे उलटायला बघते. वजन सीटच्या मागे न्यायचं, कोपर सैल सोडायचे, ब्रेक एकदम आवळायचा नाही, कुठल्या दगडावरून जायचं ते दहा फूट आधी ठरवायचं. सस्पेन्शनने माणसाला या गोष्टींतून मोकळं केलं आणि त्यात वाईट काही नाही. पण हातापायांची ही समज चालवणाऱ्यांबरोबर संपून गेली तर ती छायाचित्रांवरून परत उभी करता येणार नाही.

एक सल मात्र या डोंगराला आहे. ज्या टॅमलपायसच्या परिसरात ही सायकल घडली, तिथल्याच बहुतेक पाऊलवाटा १९८० च्या दशकात सायकलींना बंद झाल्या. पायी फिरणारे आणि घोडेस्वार यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. आंधळ्या वळणावर सुसाट आलेली सायकल कुणालाही घाबरवते. रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली, आंधळ्या वळणावर ५ मैलांची. वेग मोजायला वनरक्षक रडारची यंत्रं घेऊन उभे राहिले. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही क्लबांनी मिळून माउंटन बाइकवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना काढली, ती याच भांडणातून. चालणाऱ्याला आधी वाट द्या, ओल्या वाटा उखडू नका, दिसत नसेल तिथे वेग कमी करा, असे नियम तिने लोकांपर्यंत नेले. रीपॅकवर आता शर्यत होत नाही, आणि ते योग्यच आहे. हळू चालणारी जुन्या सायकलींची फेरी त्या वाटेवर हक्क सांगण्याचा जास्त सभ्य मार्ग आहे. समोरून आजी-आजोबा चालत आले की रांग थांबते, रामराम होतो, सायकलींबद्दल विचारपूस होते. वाटेवरचा परवाना अशाच वागणुकीने टिकतो.

फेअरफॅक्समध्ये २०१५ पासून मरीन म्युझियम ऑफ बायसिकलिंग आहे. जो ब्रीझ त्याच्या उभारणीत अग्रभागी होता. क्रेस्टेड ब्यूटला १९८८ मध्ये निघालेलं माउंटन बाइक हॉल ऑफ फेमही आता तिथेच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या उंच चाकाच्या सायकलींपासून क्लंकरपर्यंतचा क्रम तिथे उलगडतो. संग्रहालयाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. मूळ वस्तू, कागद, वेळांची नोंद हे सगळं सांभाळणारी जागा लागतेच. पण तिथे ठेवलेल्या सायकलीच्या हबमधून धूर येत नाही. त्या धुराशिवाय रीपॅकचं नाव कळत नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे, आणि तिथे युद्धकाळातली घडीची बीएसए पॅराट्रूपर पाहायला मिळते. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्याला ते साजेसंच आहे. डोंगरी सायकल आपल्याकडे नव्वदच्या दशकात हीरो रेंजरसारख्या रूपात आली. सरळ हँडल, गुठळ्यांचे जाड टायर. काळ्या, रॉड ब्रेकच्या सायकलीवर वाढलेल्या घरात ती आली तेव्हा गल्लीतली पोरं भोवती जमत. मरीनच्या कारागिरांची ती दूरची नात, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. त्या सायकली आज जिन्याखाली, माळ्यावर, सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात हवा गेलेल्या अवस्थेत आहेत. त्यांना तीसेक वर्षं झाली आहेत. त्या भंगारात जाण्याआधी त्यांची गाठ पुन्हा कच्च्या रस्त्याशी घालून द्यायला हवी.

२१ ऑक्टोबर २०२६ ला रीपॅकच्या पहिल्या शर्यतीला पन्नास वर्षं पुरी होतात. त्या निमित्ताने आपल्या गावातही एक फेरी निघावी अशी माझी विनंती आहे. सायकल खाली काढा. टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर बदला, जुने वापरू नका. हब आणि पॅडलच्या दांड्यांमधला आस (बीबी) खोलून छर्रे पुसून घ्या, नवं ग्रीस भरा. गावाबाहेरचा, गाड्या नसलेला, जिथे सायकलीला मनाई नाही असा कच्चा रस्ता निवडा. दोन-चार शेजाऱ्यांना बोलवा, घरातल्या मुलींना आधी बोलवा. जो सगळ्यांत हळू चालवतो त्याच्या वेगाने जा, आणि एकाने तरी वहीत तारीख व नावं लिहून ठेवा.